नाडी मोजताना हातातला मोबाईल : नर्सिंगच्या मुली आणि इंटरनेटचं व्यसन

शुश्रूषा | १२ जुलै, रात्री १०:२०

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी मुंबईतल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते, त्याआधी सतरा वर्षं वॉर्डात काढली आहेत. दुसऱ्या वर्षाच्या मुलींचं मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग होतं. सकाळचे साडेआठ, टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास मोजायची वेळ. एक मुलगी सत्तरीतल्या आजोबांचं मनगट धरून उभी होती. दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर स्टॉपवॉच. मी दोन खाटा पलीकडे होते. वीस-पंचवीस सेकंद झाले असतील, पडद्यावर वरून नोटिफिकेशन सरकत आलं. तिने अंगठ्याने ते वर सारलं. उघडलंसुद्धा नाही, नुसतं सारलं. आणि मोजताना हलणारे तिचे ओठ थांबले. आकडा हरवला होता.

तिने चार्टवर ७८ लिहिलं.

मी जाऊन पूर्ण एक मिनिट मोजली. ९६, आणि ठोके एकसारखे नव्हते, मधूनच एखादा निसटत होता. लगेच डॉक्टरांना सांगितलं, ईसीजी निघाला, पुढचे उपचार सुरू झाले. आजोबा ठीक आहेत. पण तो ७८ चा आकडा मला अजून झोपू देत नाही, कारण तो इतका छान नॉर्मल होता की त्याच्याकडे कुणी पुन्हा बघितलंच नसतं.

ही मुलगी आळशी नाही. हुशार आहे, पेशंटशी गोड बोलते, मावशींना बेड सरकवायला मदत करते. मी तिला बाजूला घेऊन विचारलं तर रडायला लागली. आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत रील्स बघत होती. रोजचंच आहे म्हणाली. "मॅडम, मला कळतं हो. पण हात आपोआप जातो."

हात आपोआप जातो. मग मी इतर मुलींचे हात बघायला लागले. ड्रेसिंग ट्रॉली लावताना, केस पेपर शोधताना, लिफ्टची वाट बघताना, दर दोन-तीन मिनिटांनी हात एप्रनच्या खिशाकडे. फोन बाहेर निघतोच असं नाही, नुसता चाचपला जातो. नंतर तोच हात पेशंटच्या कॅथेटरला, लघवीच्या नळीला लागतो. हात धुण्याचे पाच क्षण आम्ही पहिल्या वर्षापासून पाठ करून घेतो, जागतिक आरोग्य संघटनेचं पोस्टर प्रत्येक बेसिनवर आहे. खिशातला फोन त्या पाचांत कुठेच बसत नाही.

आम्ही एक उपाय केला. वॉर्डात शिरताना फोन एका डब्यात जमा करायचा. आठ दिवसांत फसला. काहींनी जुना फोन डब्यात टाकला आणि नवा खिशात ठेवला. काही दर अर्ध्या तासाने बाथरूमला जायला लागल्या. एका मुलीच्या वडिलांना गावी अपघात झाला आणि तिला दोन तास निरोपच मिळाला नाही. त्या दिवशी डबा मी स्वतः उचलून कपाटात ठेवला.

इथे नर्सेस आहेत, पालक आहेत, शिकणाऱ्या मुलीही वाचत असतील. तुमच्याकडे काय दिसतं आणि कशाचा उपयोग झाला, ते सांगाल का? मला मुलींना शिक्षा करायची नाही. नर्सचं लक्ष हे तिचं पहिलं अवजार आहे, थर्मामीटरच्याही आधीचं, आणि ते त्यांच्या हातातून निसटताना बघवत नाही.

रातराणी | १२ जुलै, रात्री ११:५१

ताई, मुलींचं नंतर, आधी आमचं सांगते. मी बावीस वर्षं स्टाफ नर्स आहे. नाईटला दोन ते चार ही वेळ पूर्वी कशी जायची? गॉज कापायचे, पॅड बनवायचे, कापसाचे स्वॅब करून ड्रम भरायचे. कुणी लोकरीचं विणायचं. हात कामात आणि कान वॉर्डात. आता बरंचसं तयार येतं, आणि हातात फोन आला. फोन कानही घेऊन जातो आणि डोळेही.

तीन वर्षांपूर्वी माझ्याच हातून झालेलं सांगते. एका बाईंचं सलाईन संपत आलं होतं. मला माहीत होतं, दहा मिनिटांनी बदलायचं म्हणून बसले आणि बहिणीने पाठवलेला एक व्हिडिओ लावला. त्यानंतर आपोआप पुढचा लागला, मग त्याच्या पुढचा. उठले तेव्हा बाटली रिकामी, नळीत रक्त चढलेलं, आयव्ही (शिरेतली सुई) बंद पडलेली. त्या बाईंची शीर आधीच सापडत नव्हती. पहाटे चार वाजता तीन वेळा सुई टोचावी लागली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, नुसता हात पुढे करून पडून राहिल्या. त्यांनी ओरडायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

२०१० साली सिडनीतल्या दोन रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, आम्हाला एका ट्रेनिंगमध्ये शिकवला होता. ९८ नर्सेस औषधं देताना निरीक्षक बाजूला उभे राहून नोंदी घेत होते. औषध देताना मध्ये एकेक व्यत्यय आला की चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढत होत्या. तो व्यत्यय म्हणजे कुणीतरी हाक मारणं, काहीतरी विचारणं. म्हणजे बाहेरून येणारा. आता तर आपण व्यत्यय खिशात घालूनच ड्युटीवर येतो.

अबोली | १३ जुलै, सकाळी ७:०५

दोघींचंही वाचून अंगावर काटा आला. इतकं प्रामाणिक लिहिल्याबद्दल आभार. वाचत राहीन.

डोंबिवलीची_आई | १३ जुलै, दुपारी २:३०

माझी लेक पहिल्या वर्षाला आहे. पहाटे पावणेपाचला उठते, साडेपाचची गाडी. आत्ता पावसात गाड्या उशिरा, कधी ठाण्यातच तासभर अडकते. अशा वेळी फोन नसेल तर माझा जीव वर-खाली होतो. तिकीट फोनवर, गाडी कुठे आली ते फोनवर, वडापावचे पैसेसुद्धा फोनवर. तो काढून कसा घ्यायचा?

पण रात्री साडेनऊला जेवून ती अंथरुणावर पडते आणि तोंडावर तो निळा उजेड. मी बाराला पाणी प्यायला उठले तरी तसाच. चार तास झोपून ती मुलगी पेशंटला हात लावणार. एकदा मी फोन ओढून घेतला तर असं काही बोलली की दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. लॉकडाऊन लागला तेव्हा आठवीत होती. तेव्हा आम्हीच दागिना मोडून हा फोन हातात दिला, शाळा त्यावरच होती. आता कोणत्या तोंडाने रागवू?

गोदाकाठ | १३ जुलै, संध्याकाळी ६:१२

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. माझी पुतणी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा फोन मी पाहिला आहे. औषधांचे डोस फोनवर, प्रोसिजरचे व्हिडिओ फोनवर, नोट्सच्या पीडीएफ फोनवर. २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमापासून सेमिस्टर आली, दर सहा महिन्यांनी परीक्षा, जाडजूड इंग्रजी पुस्तकं, आणि मुली बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या. ती पुस्तकातला परिच्छेद फोनवर मराठीत करून वाचते. हे व्यसन म्हणायचं का?

आणि एक गोष्ट कॉलेजच्या मंडळींनी मनावर घ्यावी. तिच्या वर्गाच्या ग्रुपवर रात्री पावणेअकराला मेसेज येतो, "उद्याचं पोस्टिंग बदललं आहे, ऑपरेशन थिएटरला साडेसातला हजर राहावे." सकाळी ज्या मुलीने तो पाहिलेला नसतो तिला सगळ्यांसमोर बोलणी. असं चार वेळा झालं की मुलगी रात्री फोन उशाशीच ठेवणार. तो मेसेज बघायला ती फोन उचलते आणि एक वाजता खाली ठेवते. उचलायला तुम्ही लावलंत, ठेवायचं मात्र तिने शिकावं?

शुश्रूषा | १३ जुलै, रात्री ९:४८

गोदाकाठ, तुमचं म्हणणं लागलं आणि लागायलाच हवं होतं. आत्ता आमच्या वर्गाचा ग्रुप वर सरकवत पाहिला. गेल्या महिन्याभरात रात्री दहानंतर माझे स्वतःचे अकरा मेसेज आहेत. त्यातले नऊ दुपारी टाकता आले असते.

डोंबिवलीच्या ताई, फोन काढून घेऊ नका, आणि तुम्ही दिला म्हणून अपराधीही वाटून घेऊ नका. त्या वेळी दुसरा रस्ता नव्हता. पण हे बघा, २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. जूनच्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले. चौदा वर्षांची मुलगी घरात कोंडलेली, मैत्रिणी नाहीत, मैदान नाही, आणि नेमक्या त्याच सहा महिन्यांत हे सगळं तिच्या पुढ्यात. आज एकोणीसाव्या-विसाव्या वर्षी तिचा हात खिशाकडे जातो, तो सवयीचा धागा तिथून सुरू होतो असं मला वाटतं.

मानसिक आरोग्यात काम करणारं कुणी वाचत असेल तर कृपया लिहा. व्यसन हा शब्द योग्य आहे का, तेही सांगा.

मनशुश्रूषा | १४ जुलै, रात्री ८:३३

एम.एस्सी. सायकियाट्रिक नर्सिंग केलं आहे, व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काम केलं आहे. जमेल तेवढं लिहिते.

'इंटरनेटचं व्यसन' हा शब्द १९९० च्या दशकाच्या मध्यावर रुळला. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ किम्बर्ली यंग यांनी त्यावर पहिल्यांदा नेटाने काम केलं. त्यांची वीस प्रश्नांची चाचणी नर्सिंगच्या प्रत्येक कॉलेजात ठाऊक असते, कारण चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाला हा विषय हमखास असतो. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, एकूण शंभर. साधारण तीसपर्यंत नेहमीचा वापर, पन्नासच्या पुढे काळजीचं, ऐंशीच्या पुढे गंभीर. मात्र हे गुण म्हणजे निदान नाही. ताप मोजून आजाराचं नाव कळत नाही, तसंच हे. (मुली ती चाचणी गूगल फॉर्मवर, म्हणजे फोनवरच भरतात. कागदावर घ्या, उत्तरं शांतपणे दिली जातात असा माझा अनुभव आहे.)

आजारांच्या अधिकृत यादीत इंटरनेटचं व्यसन हा स्वतंत्र आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, फक्त गेमिंगच्या विकाराला जागा आहे. पण त्यातल्या तीन खुणा इथेही उपयोगी पडतात. स्वतःचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा ती एकच गोष्ट वरचढ होणं, आणि नुकसान दिसत असूनही चालूच राहणं. तास मोजू नका, या तीन गोष्टी बघा. पाच तास फोनवर अभ्यास करणारी मुलगी ठीक असू शकते. दीड तास रील्स बघणारी, पण त्यापायी जेवण, झोप आणि पेशंट सोडणारी मुलगी ठीक नसते.

हात आपोआप का जातो? पुढचं रील चांगलं निघेल की फालतू हे आधी माहीत नसतं, म्हणून. प्रत्येक वेळी बक्षीस मिळालं असतं तर कंटाळा आला असता. कधी मिळतं, कधी नाही, आणि कधी मिळेल याचा नेम नाही, तेव्हा सवय सगळ्यात चिवट होते. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी हे कबुतरांवर दाखवून दिलेलं आहे आणि आपण ते मानसशास्त्राच्या पेपरात पाठ करून लिहितो. मुलीला हे सांगा. मी सांगते तेव्हा अर्ध्या मुलींचा चेहरा सैल होतो. 'माझ्यात काहीतरी खोट आहे' हे ओझं उतरतं.

दुसरं फार महत्त्वाचं. फोनवर अडकलेल्या मुलीला फोनबद्दल शेवटी विचारा. आधी झोप, भूक, घरची आठवण, वॉर्डात काय घडलं, पैशाची चणचण, कुणी त्रास देतंय का. उदासी आणि चिंता अनेकदा फोनच्या मागे लपून बसलेली असते. फोन काढला की ती उघडी पडते, आणि आपण म्हणतो फोन घेतल्यापासून मुलगी जास्तच बिथरली.

हाताबाहेर गेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला लाजू नका. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' नावाचं वेगळं क्लिनिक आहे. इथे मुंबईत महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत दाखवता येतं. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

कणखर | १४ जुलै, रात्री ११:१५

एवढं कशाला? हॉस्टेल आणि वॉर्डात जॅमर बसवा, प्रश्न मिटला. आमच्या वेळी वॉर्डन नुसती खाकरली तरी दिवे बंद व्हायचे.

शुश्रूषा | १४ जुलै, रात्री ११:५०

कणखर, सरकारी परवानगीशिवाय जॅमर लावणं बेकायदा आहे. आणि वॉर्डात तर नकोच. ऑन-कॉल डॉक्टरांना बोलवायचं कसं, रक्तपेढीला फोन कसा करायचा? तुमची कळकळ समजते. पण बंदी मी करून बघितली आहे, वर लिहिलंच आहे. समोर माणूस असेल तोवरच ती चालते, आणि नाईटला त्या मुलीच्या समोर फक्त झोपलेले पेशंट असतात.

लातूरची_लेक | १५ जुलै, रात्री १:४०

मी तिसऱ्या वर्षाला आहे. वेळ बघून कळलंच असेल की मीही त्यातलीच.

सगळं वाचलं. कुणी आम्हाला विचारत नाही म्हणून लिहिते. मी मुंबईला आले तेव्हा रूममध्ये आम्ही सहा जणी, एक खिडकी, एक पंखा. पहिले दोन महिने मी कुणाशी नीट बोललेच नाही. माझं बोलणं ऐकून त्या हसायच्या, दुष्टपणाने नाही, पण हसायच्या. पेशंट हिंदीत बोलायचे, मॅडम इंग्रजीत. दिवसभरात माझ्या भाषेत माझ्याशी बोलणारा एक फोनच होता. आमच्याकडच्या एका काकूंचं चॅनेल आहे, त्या चुलीवर भाकरी करतात. मी रोज त्यांची भाकरी फुगताना बघायचे आणि मग झोप लागायची. सुरुवात अशी झाली.

खरं वाढलं ते दुसऱ्या वर्षी. माझ्या पोस्टिंगला माझ्याच वयाची एक मुलगी ॲडमिट होती. मी तिची वेणी घालायचे. एका सकाळी गेले तर पडदा ओढलेला. सिस्टर म्हणाल्या, ये, बॉडी पॅक करायला मदत कर, शिकून घे. मी केलं. कापूस लावला, पट्टी बांधली, नावाचा टॅग बांधला. तिची वेणी आदल्या दिवशी मीच घातलेली, तशीच होती. मग हात धुतले आणि दहाच्या औषधांना गेले. दुपारी लेक्चर होतं, पोषणशास्त्राचं. कुणी काही विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही. आईला फोन करणार होते, पण ती म्हणाली असती परत ये.

त्या रात्री मी चारपर्यंत फोन बघितला. काय बघितलं, एकही आठवत नाही. डोळे मिटले की टॅग दिसायचा, म्हणून मिटायचेच नाहीत. तेव्हापासून तशीच सवय पडली. मॅडम म्हणतात आम्ही रील्स बघतो. आम्ही बघत नाही हो, आम्ही डोळे उघडे ठेवतो.

रातराणी | १५ जुलै, सकाळी ८:१०

बाळा, आत्ता नाईट संपवून लोकलमध्ये बसले आहे आणि तुझं वाचून डोळे भरून आले.

मी शिकत होते तेव्हा आमच्या होम सिस्टर होत्या, हॉस्टेल सांभाळणाऱ्या. कडक. पण ज्या दिवशी वॉर्डात कुणा मुलीच्या हातून पहिली बॉडी पॅक व्हायची, त्या दिवशी त्यांना कुठून कळायचं कोण जाणे, संध्याकाळी तिला खोलीत बोलवून चहा द्यायच्या. काही विचारायच्या नाहीत. गेलेल्या माणसाचं नाव तेवढं विचारायच्या. नाव सांगितलं की आपण रडायचो, आणि मग त्या म्हणायच्या, जा, जेवून घे.

तुझ्या त्या मुलीचं नाव इथे लिहू नकोस. पण कुणाला तरी सांग. मला निरोप पाठव, मी फोन करते.

मनशुश्रूषा | १५ जुलै, दुपारी १:०२

लेकी, तू जे लिहिलंस त्याला आमच्या भाषेत नाव आहे, पण ते बाजूला ठेवते. एवढंच सांगते, तो टॅग अजूनही रोज दिसत असेल तर एकदा ओपीडीत ये किंवा १४४१६ वर बोल. यावर उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात.

शुश्रूषा ताई, बॉडी पॅकिंग लॉगबुकात आहे, कितीदा केलं ते आपण सही करून मोजतो. त्यानंतर मुलीशी बोलल्याचा रकाना मात्र कुठे नाही.

कृष्णाकाठ | १५ जुलै, रात्री ९:२०

आमच्याकडचं एक उदाहरण. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावात टीव्ही-मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं गप्पा मारतात, वाचतात. दंड वगैरेवर नाही, एकमेकांच्या भिडेवर चालतं. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की बंद सगळ्यांचं असतं, एकट्या पोराचं नाही. हॉस्टेलवर वॉर्डन मॅडमनी आपला फोन ठेवला तर मुली ठेवतील.

डोंबिवलीची_आई | २० जुलै, रात्री ९:०५

कृष्णाकाठ यांचं वाचून आम्ही घरी केलं. साडेनऊला चौघांचेही फोन हॉलमधल्या टीव्हीखाली, चार्जिंगला. पहिल्या रात्री सगळ्यात जास्त चुळबुळ यांचीच झाली. गजराचं कारण नको म्हणून चावीचं घड्याळ आणलं. आज पाचवा दिवस. रविवारी मोडलं, लपवत नाही. पण काल रात्री लेक स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली आणि एका पेशंटबद्दल अर्धा तास बोलत राहिली. जून महिन्यापासून इतकं बोलली नव्हती.

शुश्रूषा | ६ ऑगस्ट, रात्री ८:५५

थोडा उशीर झाला, पण काय केलं ते सांगते.

वर्गाच्या ग्रुपवर रात्री आठनंतर एकही सूचना जाणार नाही, असं आम्ही शिक्षकांनी ठरवलं. पोस्टिंग बदललंच तर सकाळी हजेरीला सांगायचं आणि तेवढ्यापुरता उशीर माफ. तीन आठवड्यांत एकदाच मोडलं, तेही अतिवृष्टीने गाड्या बंद पडल्या म्हणून.

नाडी, श्वास आणि सलाईनचे थेंब घड्याळावरच मोजायचे, फोनवर नाही. औषधाचा डोस बघायला फोन वापरायचा, पण नर्सिंग स्टेशनवर उभं राहून, आणि परत पेशंटकडे जाताना हात धुऊन. फोन खिशात नाही, पर्समध्ये. पर्स स्टेशनच्या कपाटात, आणि घरच्यांना वॉर्डचा लँडलाइन नंबर दिलेला आहे. डब्याच्या वेळी मी हाच नंबर द्यायला विसरले होते.

तिसरं रातराणी ताईंच्या होम सिस्टरांचं. ज्या दिवशी मुलीच्या वॉर्डात मृत्यू होतो त्या दिवशी ती लेक्चरला बसत नाही, माझ्याकडे येते. चहा असतो. पहिल्या आठवड्यात तिघी आल्या. एक काहीच बोलली नाही, बिस्किटाचा पुडा संपवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी परत आली आणि मग बोलली.

ती ७८ वाली मुलगी अजून रात्री जागते. रोज नाही म्हणते. मी तिला मानसोपचार ओपीडीत घेऊन गेले होते, पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे, त्याही वेळी मी सोबत जाणार आहे. आपण होऊन तिने एक गोष्ट केली. परवा पेशंटची नाडी मोजताना मध्येच चुकली तर आकडा न लिहिता माझ्याकडे आली आणि म्हणाली, मॅडम, हरवली, परत मोजते.

लातूरची_लेक | ७ ऑगस्ट, रात्री ९:१२

मॅडम, रातराणी मावशींशी दोनदा बोलले. नाव सांगितलं त्यांना.

एक विचारायचं होतं. आमच्याकडे मनगटात घड्याळ चालत नाही, हात कोपरापर्यंत मोकळे हवेत म्हणतात. मग सेकंदकाट्याचं कसलं घ्यायचं?

रातराणी | ७ ऑगस्ट, रात्री ९:३०

बरोबर म्हणतात, मनगटावर काही नको. छातीशी पिनने लावायचं मिळतं, आकडे उलटे असतात म्हणजे खाली बघितलं की सरळ दिसतात. दादरला स्टेशनबाहेर घड्याळवाल्यांकडे विचार, नसलं तर मागवून देतात. सेकंदकाटा लाल असलेलं घे, नाईटला मंद दिव्यात दिसतो. आणि पिन लावायच्या आधी मागची पट्टी स्पिरिटने पुसता येते का ते बघ, कापडी नको.